नाइटक्लबमधला ड्रॅग शो : कलाकार, क्लबवाले आणि पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई-पुण्यातल्या क्लबांसाठी ड्रॅगच्या रात्री लावणं हे माझं काम. कलाकार जमवायचे, मॅनेजरशी घासाघीस करायची आणि शो संपल्यावर पैशांसाठी फोन करत राहायचं. या कामात तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून टाकली. पैसे आणि करार यांनीच जास्त जागा खाल्ली आहे. मेकअप यूट्यूबवर शिकता येतो, बिल कसं काढायचं ते कुणी शिकवत नाही.

ड्रॅग म्हणजे बाईचं सोंग घेणं का?

सोंग आहेच, पण हुबेहूब बाई दिसणं एवढ्यावर ते थांबत नाही. पापण्या बोटभर लांब, केसांचा मनोरा, चेहऱ्यावर नसलेली हाडं रंगाने उभी केलेली. सगळं मुद्दाम जास्तीचं. त्यात लिपसिंक (रेकॉर्डवर ओठ हलवणं), नाच, खरं गाणं, पाहुण्यांची टर उडवणं, काहीही चालतं. करणारे बहुतेक पुरुष असले तरी ट्रान्स कलाकार करतात, बायकाही करतात. पुरुषी वेषात उभं राहणाऱ्यांना ड्रॅग किंग म्हणतात. आपल्याकडे ते अजून फार थोडे आहेत.

म्हणजे आपले बालगंधर्वच ना?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो, आणि क्लबच्या मालकाला पटवताना मीही त्यांचं नाव निर्लज्जपणे वापरतो. पण जातकुळी वेगळी. नारायणराव राजहंस भामिनी किंवा सिंधू रंगवत तेव्हा प्रेक्षकाने समोरचा पुरुष विसरून जावा, ही अपेक्षा असे. कुलीन घरातल्या बाईने रंगभूमीवर यायची सोय नव्हती, म्हणून तिची जागा पुरुष घेत होते. ड्रॅगमध्ये पुरुष आणि बाई दोन्ही एकाच वेळी दिसत राहायला हवेत, विनोद तिथूनच येतो.

जवळचं नातं शोधायचंच असेल तर तमाशातल्या नाच्याशी लागेल. तो द्वयर्थी बोलतो, कंबर मोडून उभा राहतो, समोरच्याला अंगावर घेतो आणि त्याच्याच जिवावर हशा मिळवतो. गणपत पाटलांनी तो सिनेमात अमर केला आणि त्याची किंमतही मोजली. पडद्यावरच्या भूमिकेवरून माणूस जोखणारे लोक त्यांना आयुष्यभर भेटले.

बालगंधर्वांकडून एक धडा मात्र जरूर घ्यावा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि खरे भरजरी शालू, खरी अत्तरं यांच्यापायी कर्जात बुडाली. कपडेपटाचा हिशेब ठेवा.

ड्रॅग करणारा गे किंवा ट्रान्सजेंडरच असतो का? त्याच्याशी बोलताना ‘आला’ म्हणू की ‘आली’?

नाही, असलाच पाहिजे असं काही नाही. ड्रॅग हे काम आहे, कपडे उतरले की संपतं. काहींना या कामातून स्वतःची ओळख सापडते, ती गोष्ट वेगळी. पूर्ण वेषात असलेल्या कलाकाराला तिच्या स्टेजच्या नावाने, ‘आली-गेली’ असंच बोला. एरवी कसं बोलायचं ते एकदा विचारून घ्या. कुणी रागावत नाही.

हे कायदेशीर आहे का? पोलीस येतील का?

स्टेजवर पुरुषाने साडी नेसू नये असा कायदा नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा वेषाशी संबंध नव्हता, पण त्याची भीती सगळ्यांवर पसरलेली होती. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं आणि क्लबवाल्यांची भीड चेपली. आता सांभाळायचं ते अश्लीलतेचं कलम. जुन्या दंड संहितेत ते २९४ होतं, भारतीय न्याय संहितेत २९६ आहे. दुसरी सांभाळायची गोष्ट म्हणजे क्लबचे परवाने.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मुंबईत रात्री स्टेजवर नाचण्याचा विषय डान्सबारशिवाय पुरा होत नाही. २००५ साली राज्य सरकारने बारमधल्या नाचावर बंदी घातली, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. तोच नाच, फक्त झुंबर महाग. उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मधल्या वर्षांत हजारो बायकांचा रोजगार गेला तो गेलाच. आमचे ड्रॅगचे शो आज बहुतेक महागड्या जागीच होतात. आमची हिंमत मोठी म्हणून पोलीस येत नाहीत असं कुणी समजू नये, जागेचा पत्ताही कामाला येतो.

भारतातल्या क्लबांत हे आलं कुठून?

अमेरिकेत रूपॉल या ड्रॅग कलाकाराची ड्रॅगची स्पर्धा २००९ साली टीव्हीवर सुरू झाली आणि पुढे इंटरनेटवरून इथल्या मुलांच्या फोनमध्ये पोचली. बंगळुरूत अॅलेक्स मॅथ्यू २०१४ पासून माया म्हणून उभे राहू लागले. ललित हॉटेलांच्या किटी सू क्लबने ड्रॅगला ठरलेला मंच दिला. त्यामागचे केशव सुरी ३७७ विरोधात न्यायालयातही गेले होते. मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांनी २०१८ साली राणी कोहेनूर बनून झी टीव्हीच्या सारेगमपमध्ये गाणं म्हटलं, तेव्हा क्लबची पायरीही न चढलेल्या घरांत ड्रॅग दिसलं. मला हा टप्पा सगळ्यांत मोठा वाटतो. ‘टीव्हीवर असतं तसं’ एवढं सांगितलं की मॅनेजरला पुढचं समजावावं लागत नाही.

तयार व्हायला एवढा वेळ का लागतो? अर्ध्या तासात होत नाही का?

नाही होत. तीन तास धरा, हात बसला की अडीच.

पहिला तास जवळजवळ भुवया आणि दाढी मिटवण्यात जातो. भुवयांवरचं तेल पुसायचं, केस वरच्या दिशेने विंचरायचे, त्यावर शाळेतल्या मुलांची डिंकाची कांडी घासायची आणि चपट्या पट्टीने ते कपाळाला चिकटवून दाबायचे. वाळू द्यायचं. पुन्हा एक थर, पुन्हा वाळू द्यायचं. आपले केस जाड आणि काळे, त्यामुळे तिसरा थरही लागतो. मग पावडर, मग जाड फाउंडेशन. घाई केली की तासाभरात घामाने एक भुवई उठते आणि नव्या रंगवलेल्या भुवईखालून जुनी डोकावते. दाढी गुळगुळीत केली तरी हनुवटीवर निळसर-काळी सावली उरते. ती नारिंगी करेक्टरशिवाय झाकत नाही. सावलीवर थेट फाउंडेशन फासलं तर चेहरा राखेसारखा दिसतो.

मग अंग. सोफ्याचा फोम कात्रीने तासून नितंब आणि मांड्या घडवतात, कडा इतक्या पातळ करतात की वरून जोड दिसू नये. त्यावर एकावर एक दोन-तीन टाइट्स, कंबर आवळायला कॉर्सेट. नखं शेवटी, कारण नखं लागली की फोनही उघडत नाही. पाणी स्ट्रॉने. टॉयलेटला जायचं ते कॉर्सेटच्या आधी.

आता हे सगळं जुलै महिन्यात एसी नसलेल्या स्टोअररूममध्ये, बिअरच्या क्रेटवर बसून करून बघा. क्लबवाल्यांनी मेकअपची खोली द्यावी म्हणून मी जीव टाकतो तो यासाठी.

सामान कुठून घ्यायचं?

लेस, टिकल्या, खोटे दागिने भुलेश्वरला, कापड मंगलदास मार्केटात. मोठ्या मापाच्या हील्स ऑनलाइन मागवाव्या लागतात. आधी एकच चांगला विग घ्या आणि तो नीट धुवायला, बसवायला शिका. स्वस्त विग दुसऱ्या शोला झाडूसारखा होतो.

नाइट किती मागावी?

नाटकवाले ज्याला नाइट म्हणतात तीच ही, एका प्रयोगाची बिदागी. आकडा इथे देत नाही, कारण शहर, वार, जागा आणि तुमचं नाव यांवर तो बदलतो. हिशेबाची पद्धत सांगतो.

समजा १५,००० ठरले. फी व्यावसायिक सेवेची धरली आणि त्या क्लबकडून वर्षभरात मिळणारी रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, तर क्लब १० टक्के टीडीएस कापतो, म्हणजे हातात १३,५००. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात, १२,००० उरतात. विवरणपत्र भरलं तर कापलेला कर हिशेबात येतो आणि बहुतेक नव्या कलाकारांना परतही मिळतो. अर्धे जण भरतच नाहीत, तो भाग वेगळा. त्यातून जाता-येता टॅक्सी (तो विग आणि तो फोम घेऊन लोकलने जाऊन दाखवा), पापण्या, डिंक, टाइट्सची झिज, शिंप्याचं अल्टरेशन आणि नव्या पोशाखाचा या शोवर येणारा हिस्सा वजा करा. उरलेल्या रकमेला तासांनी भागा. तास धरताना तालमीचे, मेकअपचे आणि थांबण्याचेही धरा, स्टेजवरची सात मिनिटं फक्त नको. जो आकडा येईल तो बघून पुढची नाइट ठरवा.

आणखी एक. होस्ट करणं आणि एक गाणं करणं यांचे पैसे वेगळे. रात्रभर माइक हातात ठेवून, दारुड्यांना गप्प करून, डीजेचा घोळ झाकत कार्यक्रम पुढे रेटणारी बाई आणि एका गाण्यावर येऊन जाणारी बाई यांना एकच नाइट देतात, हे आपल्याकडचं सर्रास चित्र आहे. ते चुकीचं आहे.

क्लब म्हणतो, पहिल्या वेळेला पैसे नाहीत, पण नाव होईल.

बारटेंडरला पहिल्या रात्री पैसे देतात का, ते विचारा.

सामाजिक संस्थेच्या मदतीसाठी, प्राइडच्या मोर्च्यासाठी, मित्राच्या पहिल्या प्रयोगासाठी फुकट करा, खुशाल करा. दारात कव्हर चार्ज घेणाऱ्या जागेसाठी नको. तुम्ही फुकट केलंत की पुढच्या मुलीचा भावही पडतो.

करारात काय लिहून घ्यायचं? वकील लागतो का?

वकील नको, एक ईमेल पुरतो. फोनवर जे ठरलं ते त्याच रात्री लिहून पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर मागवा. तारीख, पोचायची वेळ, स्टेजवर जायची वेळ, किती सादरीकरणं, होस्टिंग आहे की नाही, नाइट, टीडीएस, पैसे कधी येणार. पन्नास टक्के आगाऊ मागा. तमाशाच्या फडाला सुपारी देताना विसार देतातच, मग तुम्ही मागायला का लाजता?

शो रद्द झाला तर काय, हे हमखास राहून जातं. पावसात पाहुणे आले नाहीत म्हणून रात्री नऊला ‘आज नको’ असा निरोप येतो, तेव्हा तुमच्या भुवया मिटून झालेल्या असतात. त्या दिवशी रद्द केल्यास पूर्ण पैसे, आदल्या दिवशी केल्यास निम्मे, असं काहीतरी आधीच लिहा.

मग खोली. आरसा, पांढरा दिवा, दोन प्लग, कडी लागणारं दार. कडीवर अडून बसा. मेकअपच्या खोलीत क्लबच्या मालकाचे मित्र ‘फक्त एक सेल्फी’ म्हणून शिरतात आणि समोर कलाकार अर्ध्या कपड्यांत असते, हे मी नको तितक्या वेळा पाहिलंय. परतीची गाडी क्लबने द्यावी. मुंबईत बार दीडला बंद होतात. त्यानंतर पूर्ण वेषातल्या कलाकाराने रस्त्यावर उभं राहून रिक्षावाल्यांची मनधरणी करायची, ही व्यवस्था कुणाच्याही घरच्यांना पटणार नाही.

पैसे थकवणाऱ्यांवर एक बरा उपाय आहे. सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी करा. अशा सेवेचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशिरावर व्याज लागतं. बिलावर उद्यमचा नंबर छापा. तो दिसला की अकाउंट्सवाला तुमची फाइल वर काढतो, असा माझा अनुभव आहे.

जीएसटी?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेलात तर अभिनंदन, सीए गाठा.

अमेरिकेत प्रेक्षक नोटा देतात. इथे टिप घ्यायची का?

तिकडे कमी नाइट आणि वर डॉलरच्या नोटा, असा व्यवहार आहे. लिपसिंक करताना कलाकार टेबलांमधून फिरते आणि लोक हातात नोट देतात. आपल्याला हे नवं नाही. लावणीत त्याला दौलतजादा म्हणतात, आणि बारमधल्या नोटांच्या उधळणीवर तर कायदाच झाला. २०१६च्या राज्याच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ला निकाल दिला. कलाकाराला टिप देता येईल, पण नोटा उधळता येणार नाहीत.

क्लबमध्येही मी हीच रेघ धरतो. हातात द्या, उधळू नका. कपड्यांत खोचणं तर मुळीच नाही. शक्य असेल तर यूपीआयचा क्यूआर कोड हातातल्या पंख्यावर छापा. पंखा उघडला की टाळ्याही पडतात आणि पैसेही. टिप क्लबची नाही, कलाकाराची, हे मॅनेजरकडून आधी वदवून घ्या. ‘चांगली टिप मिळेल’ म्हणून नाइट कमी करू देऊ नका. इथला प्रेक्षक व्हिडिओ काढतो, नोट काढत नाही.

आमचा क्लब आहे. शो लावायचा तर काय तयारी लागेल?

करमणुकीच्या कार्यक्रमाचा पोलिसांचा परवाना आणि वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांसाठी पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांच्या संस्थांचे परवाने ही तुमची जबाबदारी आहे, कलाकाराची नाही. उघड्यावर, गच्चीवर शो असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद, म्हणून शो साडेआठला लावा. स्टेजवर काच, पाणी, सुटी वायर नको. सहा इंची हीलवर उडी मारून खाली स्प्लिटमध्ये येणाऱ्या माणसाला फरशी ओली आहे हे हवेत असताना कळतं. बाउन्सरना आदल्या दिवशी सांगून ठेवा. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरची बाई जुळत नाही म्हणून होस्टलाच दारात अडवल्याचा प्रकार हसण्यावारी गेला, पण त्यात वीस मिनिटं गेली.

आणि महिन्यातून एकदाच करणार असाल तरी ठरलेला वार धरा. ड्रॅगचा प्रेक्षक हा ठरलेल्या वाराने बनतो.

मी बावीस वर्षांचा आहे. क्लबमध्ये शो करू शकतो का?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. म्हणून अनेक क्लब पंचविशीच्या आतल्यांना दारातच घेत नाहीत. कलाकार म्हणून यायचं असेल तर नाव आधी पाहुण्यांच्या नव्हे, कर्मचाऱ्यांच्या यादीत टाकायला सांगा. आणि मानधनाऐवजी ‘ड्रिंक्स फ्री’ कुणी म्हटलं तर नाही म्हणा, एकाहून अधिक कारणांसाठी.

नुसत्या ड्रॅगवर पोट भरतं का? कुणाचं भरलंय?

इथे फार थोड्यांचं. बाकीचे दिवसा मेकअप करतात, कॉर्पोरेट कार्यक्रम घेतात, कपडे शिवतात, नोकरी करतात. पण क्लबमधून उभं राहिलेलं करिअर कसं असतं ते बघायचं असेल तर डॅनी ला रू यांच्याकडे बघा.

हा माणूस १९२७ साली आयर्लंडच्या कॉर्क शहरात जन्मला, लंडनमध्ये वाढला. खरं नाव डॅनियल पॅट्रिक कॅरोल. महायुद्धाच्या काळात नौदलात, पुढे दुकानांच्या काचा सजवण्याचं काम, मग माजी सैनिकांनी बायकांच्या वेषात करायच्या फिरत्या कार्यक्रमांत. १९५०च्या दशकात लंडनच्या विन्स्टन्ससारख्या नाइटक्लबांत नाव झालं. इथवरची गोष्ट अनेकांची आहे. पुढचं पाऊल त्यांचं स्वतःचं : १९६४ साली हॅनोव्हर स्क्वेअरमध्ये स्वतःचा क्लब काढला. म्हणजे दार त्यांचं, दिवे त्यांचे, बिलं करणारा माणूसही त्यांचाच. बॅरी क्रायरसारखा लेखक त्यांच्यासाठी लिहीत होता, रॉनी कॉर्बेट सोबत विनोद करत होते. रेकॉर्डवर ओठ हलवण्याच्या जमान्यात त्यांचा भर लिहून घेतलेल्या, तालमीत बसवलेल्या कार्यक्रमावर होता. झगमगीत झग्यात रुबाबात यायचे आणि पहिलाच शब्द खर्जातल्या मर्दानी आवाजात टाकायचे. मी वर दोन्ही एकाच वेळी दिसण्याबद्दल लिहिलं, ते हेच. स्वतःला ते ड्रॅग कलाकार म्हणवून घेत नसत, झगा घातलेला विनोदवीर म्हणत. क्लबमधून लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यवस्तीतली मोठी थिएटरं, राजघराण्यासमोरचे कार्यक्रम, १९८४ साली ‘हॅलो, डॉली!’ या संगीत नाटकात नायिकेची भूमिका, २००२ साली ओबीई किताब. २००९ साली गेले.

मधलं एक पान मात्र हमखास गाळलं जातं. वॉल्टन हॉल नावाच्या वाड्याचं हॉटेल करण्यात त्यांनी कमाई ओतली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फसवणुकीत ती घालवली. पन्नाशी उलटून गेल्यावर पुन्हा दौरे करावे लागले. बालगंधर्व आठवले ना?

घरी माहीत नाही. फोटो व्हायरल झाले तर?

पोस्टरवर फक्त स्टेजचं नाव, बिलावर खरं नाव, आणि ही दोन्ही एकत्र कुठेही छापायची नाहीत, असं करारात घाला. मेकअपशिवायचा चेहरा कुणीही शूट करणार नाही, हेही घाला. प्रेक्षकांचे फोन मात्र कुणी थांबवू शकत नाही. पूर्ण मेकअपमध्ये आईसुद्धा ओळखत नाही असं मुलं म्हणतात. आया ओळखतात. घरात एका तरी माणसाला आधी सांगून ठेवलेलं बरं, मावशी, बहीण, कुणीही.

पाहुणे म्हणून आम्ही कसं वागायचं?

विगला हात नाही, छातीला हात नाही, ‘खरं नाव काय’ नाही. पुढच्या टेबलावर बसलात तर तुमची टर उडणार, नको असेल तर मागे बसा. आवडलं तर ओरडा, शांत बसून कौतुक करणारा प्रेक्षक आम्हाला घाबरवतो.

मराठी गाण्यावर शो बसवला तर चालेल का? क्लबमध्ये लोक हसतील का?

हसणार नाहीत, उठून नाचतील. हिंदी रिमिक्सच्या पाचव्या गाण्यानंतर ढोलकी पडली की हॉलमध्ये मागे बसलेलेही पुढे येतात. पण लावणी क्लबमध्ये आहे तशी उचलून आणू नका. मूळ गाणं लांब असतं, ते साडेतीन मिनिटांवर कापा, अस्ताई (ध्रुवपद) आणि एक कडवं पुरे. नऊवारी शिवून घ्या, फोमवर नेसायला गेलात तर कासोटा सरकतो. घुंगरांचं वजन हीलवर पेलत नाही, म्हणून तळ सपाट असलेले बूट घ्या किंवा अनवाणी उतरा. आणि क्लबच्या बेसपुढे घुंगरू ऐकू येत नाहीत. ढोलकीच्या तुकड्यानंतर ट्रॅकमध्येच चार मात्रा कोऱ्या ठेवायला एडिटरला सांगा, तेवढ्यात पाय वाजवून घ्या. डीजेला आधी बजावून ठेवा, नाहीतर ट्रॅक बंद पडला समजून तो त्याच जागी दुसरं गाणं सोडतो. फाइल पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवरून ऑडिओ म्हणून पाठवलेली मोठ्या स्पीकरवर फाटते.